पत्रक पक्षाचं, क्रम मतदाराचा



आज बोलूया ऑस्ट्रेलियातल्या मतदानाविषयी.

तिथे राष्ट्रीय निवडणुकीत मतदान सक्तीचं आहे.
हा नियम १९२४ पासूनचा.
पण मत कुणाला द्यायचं, याची सक्ती नाही.

तिथल्या प्रतिनिधिगृहासाठी एकाच नावापुढे खूण करून भागत नाही.
प्रत्येक उमेदवाराला पसंतीचा क्रमांक द्यावा लागतो.
एक, दोन, तीन…
अगदी शेवटच्या नावापर्यंत.

कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर?
सर्वांत मागचा उमेदवार बाद होतो.
त्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात.
म्हणून छोट्या पक्षाला दिलेलं मतही वाया जात नाही.

मतदान केंद्राबाहेर कार्यकर्ते पत्रकं वाटतात.
क्रमांक कसे द्यावेत, हे त्यांवर छापलेलं असतं.
तो फक्त सल्ला असतो.
पत्रक पक्षाचं, क्रम मतदाराचा.

२०२२ च्या राष्ट्रीय निवडणुकीत हे ठळकपणे दिसलं.
लिबरल पक्षाच्या अनेक जुन्या बालेकिल्ल्यांत अपक्ष महिला निवडून आल्या.
मतदारांनी सवय बाजूला ठेवून विचार केला होता.

श्रोतेहो, तुमच्या घरचं कुणी तिथलं नागरिक असेल, तर त्यांना जरूर सांगा.
सगळ्यांचं ऐका.
उमेदवाराचं काम पाहा.
मग मोकळ्या मनानं क्रमांक लिहा.

पत्रक पक्षाचं.
क्रम मात्र मतदाराचा.