विश्वस्तांच्या बाकावर सर्वांना जागा

आदरणीय परिषदाध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, आणि पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत सामाजिक न्यायासाठी झटणाऱ्या संस्थांमधून आलेले विश्वस्त, सल्लागार व कार्यकर्ते बंधुभगिनींनो,

रत्नागिरीकरांच्या वतीने आणि स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

आपण ज्या गावात आला आहात ते लोकमान्यांचे जन्मगाव. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवले आणि 1916 साली त्यांचा अंतही इथेच झाला. पण मला अधिक अभिमान आहे तो आमच्या नगर वाचनालयाचा. ते 1828 पासूनचे आहे. रेल्वे नव्हती, तारयंत्र नव्हते, अशा काळात या बंदराच्या गावाने पुस्तकांसाठी संस्था उभी केली आणि पिढ्यान्‌पिढ्या ती चालवली. संस्था काढणे सोपे, चालवणे अवघड, हे आपणा विश्वस्तांना मी काय सांगावे? उद्या वेळ काढून तिथे अवश्य जाऊन या.

विश्वस्तांच्या बाकावर सर्वांना जागा, या आजच्या विषयाच्या निमित्ताने दोन माणसांचे स्मरण केल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही.

पहिले भागोजीशेठ कीर. भंडारी समाजातल्या गरीब घरचा हा मुलगा पोटासाठी मुंबईला गेला, सुतारकामात हात बसवला आणि स्वतःच्या हिमतीवर मोठा कंत्राटदार झाला. दादरची शिवाजी पार्कची स्मशानभूमी ही त्यांचीच देणगी. त्यांनी आपल्या गावाला दिलेले पतितपावन मंदिर इथून जवळच आहे. सावरकर इथे स्थानबद्धतेत असताना त्यांच्या प्रेरणेने आणि भागोजीशेठच्या पैशाने ते उभे राहिले. 1929 साली पायाभरणी झाली आणि 22 फेब्रुवारी 1931 रोजी लक्ष्मीनारायणाची प्रतिष्ठापना. अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसह सर्व हिंदूंना तिथे मोकळा प्रवेश मिळाला, हे सर्वश्रुत आहे. मला सांगायची आहे ती पुढची गोष्ट. मंदिराच्या विश्वस्त मंडळातही सर्व जातींच्या प्रतिनिधींना स्थान देण्याचे ठरले. दर्शनाची परवानगी ही मेहरबानी ठरू शकते आणि मेहरबानी मागेही घेता येते. कारभारातली जागा मात्र हक्काची असते. पंचाण्णव वर्षांपूर्वी आमच्या गावात हे ओळखले गेले, याचा मला फार अभिमान वाटतो.

दुसरे अप्पासाहेब पटवर्धन, आमचे कोकणचे गांधी. प्राध्यापकी सोडून ते गांधीजींच्या कामात उतरले. 1932 साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगातही कामे जातीवरून वाटली जात आणि सफाईचे काम ठरावीक जातीच्या कैद्यांच्याच वाट्याला येई. ते काम मला द्या, असा अप्पासाहेबांचा आग्रह होता. परवानगी मिळेना तेव्हा त्यांनी अन्न कमी केले, आणि येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास सुरू केला. पुढे कणकवलीला गोपुरी आश्रम काढून मैलासफाई आणि चर्मोद्योग ही दोन्ही कामे त्यांनी प्रतिष्ठेने केली. एवढा मोठा माणूस, पण आज कोकणातल्या किती मुलांना त्यांचे नाव ठाऊक आहे? याची मला मनापासून खंत वाटते.

परिषदेच्या विषयावर विद्वान वक्ते बोलतीलच. माझे म्हणणे थोडक्यात आहे. आपल्या संस्था कातकरी वाड्यांवर, मच्छीमार वस्त्यांत, सफाई कामगारांत, एकट्या स्त्रियांमध्ये काम करतात. पण धर्मादाय कार्यालयातल्या शेड्यूल वनच्या उताऱ्यावर, म्हणजे विश्वस्तांच्या अधिकृत नोंदीत, कोणाची नावे आहेत? सभेच्या इतिवृत्तावर सह्या कोणाच्या, चेकवर सह्या कोणाच्या? वकील, डॉक्टर, हिशेबतपासनीस हवेतच. त्यांचा सल्ला अनमोल आहे. मात्र सल्लागार सल्ला देऊन घरी जातो. निर्णयाचे बरेवाईट वस्ती भोगते. म्हणून वस्तीतली माणसे केवळ कार्यक्रमाच्या फोटोत न राहता विश्वस्तांच्या बाकावर आली पाहिजेत. त्यांना ताळेबंद मराठीत समजावून द्या, बैठक त्यांची मजुरी बुडणार नाही अशा वेळी ठेवा, येण्याजाण्याचा खर्च द्या. नवा विश्वस्त घेतला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो, तेही विसरू नका.

आता व्यवस्थेविषयी. आपली गैरसोय झाली असल्यास मी हात जोडून क्षमा मागतो. रेल्वे स्टेशन शहरापासून दूर आहे आणि रात्रीच्या गाड्यांनी आलेल्यांना रिक्षांसाठी थांबावे लागले. महामार्गाने आलेल्यांचे हाल झाले, हेही कानावर आले आहे. निवासाच्या खोल्या तीन ठिकाणी विभागाव्या लागल्या. व्हीलचेअरसाठी व्यासपीठाला लाकडी उतार केला आहे, पण तो थोडा चढाचा आहे. मदतीला स्वयंसेवक सतत उभे राहतील. फेब्रुवारीत आल्यामुळे आपल्याला हापूस खाऊ घालता येत नाही, याची रुखरुख आहे. आंबोळी, काजूची उसळ, सोलकढी आणि उकडीचे मोदक गोड मानून घ्या.

ही परिषद उभी राहिली ती अनेकांच्या हातांनी. मिरकरवाड्याच्या नौकामालकांनी आणि खलाशांनी वर्गणी दिली. बागायतदारांनी तांदूळ, नारळ आणि कोकम पाठवले. महिला बचत गटांनी स्वयंपाकाचा भार उचलला. रिक्षाचालक बंधूंनी आज दिवसभर निम्म्या भाड्यात सेवा देऊ केली. मंडपवाले, ध्वनिक्षेपकवाले, शाळांचे विद्यार्थी स्वयंसेवक, छापखान्याचे मालक, हे सभागृह पहाटे झाडून स्वच्छ करणाऱ्या ताई आणि नाव छापू नका अशा अटीवर मोठी रक्कम देणारे एक ज्येष्ठ नागरिक, या सर्वांचे मी ऋण मानतो. स्वच्छतेचे काम करणाऱ्या ताई दुपारी आपल्याच पंगतीत जेवायला बसतील. स्वागत समितीने केलेला हा पहिला ठराव आहे.

आपणही परत गेल्यावर येत्या वार्षिक सभेत एक ठराव मांडावा: ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांच्यातले किमान दोन विश्वस्त मंडळावर असतील. रत्नागिरीच्या या भूमीवरून मी आपणाला एवढीच विनंती करतो आणि पुन्हा एकवार सर्वांचे स्वागत करून माझे भाषण संपवतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!