पुरावा आणि पडदा
(हिंगणा येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्वतंत्र माहितीपट म्हणजे नेमका कोणापासून स्वतंत्र, हा प्रश्न आधी सोडविला पाहिजे. सरकारपासून, असे उत्तर सहज दिले जाते; पण ते अपुरे आहे. चित्रपट हे एक उत्पादन आहे. त्याला भांडवल लागते, श्रम लागतात आणि अखेरीस तो लोकांपर्यंत नेणारी वितरणव्यवस्था लागते. यांपैकी एक जरी गोष्ट दुसऱ्याच्या मुठीत राहिली, तरी चित्रपटाचे स्वातंत्र्य कागदावर उरते. आनंद पटवर्धन यांच्या पन्नास वर्षांच्या कामाकडे कार्यकर्त्यांनी या दृष्टीने पाहावे.

१९४८ मध्ये केंद्र सरकारने फिल्म्स डिव्हिजन स्थापन केले. चित्रपटगृहाच्या परवान्यातच मान्यताप्राप्त लघुपट दाखविण्याची अट होती आणि त्या लघुपटांचे भाडेही मालकाला भरावे लागे. धरणे, पोलाद कारखाने, कुटुंबनियोजन यांची चित्रे त्यामुळे तालुक्याच्या टॉकीजपर्यंत पोहोचत. एस. सुखदेव, एस. एन. एस. शास्त्री यांच्यासारख्यांनी त्या चौकटीतही उत्तम काम केले, हे मान्य केले पाहिजे. तथापि निर्माता सरकार, वितरक सरकार आणि काय दाखवावे हे ठरविणारेही सरकार, अशी ती व्यवस्था होती. नागरिकाने स्वतःच्या बळावर केलेल्या माहितीपटाला तीत जागा नव्हती. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. पडद्याच्या मालकीचा प्रश्न मात्र कायम आहे.

पटवर्धन यांचा जन्म १९५० चा. अच्युतराव आणि रावसाहेब पटवर्धन हे त्यांचे काका. समाजवादी चळवळीला या नावांची ओळख करून देण्याची गरज नाही. परदेशातील शिक्षणानंतर १९७२ ते १९७४ या काळात त्यांनी मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात किशोर भारती या संस्थेत काम केले. याच संस्थेने रसूलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटरसमवेत १९७२ मध्ये १६ शाळांत विज्ञानशिक्षणाचा प्रसिद्ध उपक्रम सुरू केला. पुस्तकातील विधान पाठ न करता मुलांनी स्वतः प्रयोग करावा, मोजावे, नोंदवावे आणि मग निष्कर्ष काढावा, हे त्याचे सूत्र होते. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. पण ते सूत्र पटवर्धन यांच्या चित्रपटांना नेमके लागू पडते.

१९७४ च्या बिहार आंदोलनाचे त्यांनी साध्या, हलक्या कॅमेऱ्यावर चित्रण केले. त्यातून ‘क्रांती की तरंगें’ तयार झाला. आणीबाणीत तो उघडपणे दाखविणे अशक्य होते. त्याची प्रत तुकड्यातुकड्यांनी देशाबाहेर न्यावी लागली. त्याच आणीबाणीत, १९७६ मध्ये, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. नागरिकाने प्रश्न विचारावा असे राज्यघटनेत लिहायचे आणि प्रश्न विचारणाऱ्यांना तुरुंगात ठेवायचे, हा विरोधाभास विसरता कामा नये. तुरुंगातील त्या कैद्यांवर पटवर्धन यांनी १९७८ मध्ये ‘ज़मीर के बंदी’ हा चित्रपट केला.

वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणजे काय, याचा वस्तुपाठ मराठी विज्ञानलेखनाने घालून दिला आहे. जयंत नारळीकर यांनी विज्ञानकथा लिहिल्या, सोप्या मराठीत लेख लिहिले. विज्ञानप्रसाराबद्दल त्यांना १९९६ मध्ये युनेस्कोचा कलिंग पुरस्कार मिळाला. २००८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार आणि मतिमंद अशा एकूण २०० मुलांच्या कुंडल्या जमविल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला ४० कुंडल्या देऊन मूल कोणत्या गटातील ते ओळखण्यास सांगितले. २७ ज्योतिषांनी उत्तरे दिली. अचूकतेचे प्रमाण सरासरी ४६ टक्के निघाले. नाणे उडवून उत्तरे दिली असती, तरी याहून वाईट लागली नसती. या चाचणीत ज्योतिषांची टवाळी नव्हती. त्यांना पुरी संधी दिली होती, नियम आधी सांगितले होते आणि निकाल सर्वांसमोर ठेवला होता. नारळीकर २०२५ मध्ये गेले. ती शिस्त मागे राहिली आहे.

चांगला माहितीपट हीच शिस्त पाळतो. ‘राम के नाम’ (१९९२) मध्ये पटवर्धन यांनी कारसेवकांना, नेत्यांना मनसोक्त बोलू दिले. त्याच चित्रपटात न्यायालयाने नेमलेले रामजन्मभूमी मंदिराचे पुजारी लालदास या राजकारणाला स्पष्ट विरोध करतात. लालदासांना पुढे पदावरून दूर करण्यात आले आणि १९९३ मध्ये त्यांची हत्या झाली. त्यांची साक्ष मात्र चित्रपटात शिल्लक आहे. मुंबईतील झोपडीवासीयांवरील ‘हमारा शहर’ (१९८५) मध्ये एक बेघर झालेली स्त्री चित्रपटकारालाच सुनावते, की गरिबांची चित्रे घेऊन तुम्ही नाव कमवाल, आमचे काय होणार? हे दृश्य कापणे सोपे होते. ते ठेवले गेले, कारण स्वतःविरुद्धचा पुरावा लपविणाऱ्याला दुसऱ्याची झडती घेण्याचा अधिकार राहत नाही.

‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) तर डाव्या चळवळीलाच आरसा दाखवितो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० जण ठार झाले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. ‘हमारा शहर’मध्ये ज्यांचे गाणे ऐकू येते, तेच हे शाहीर. त्यांच्या मृत्यूचा अर्थ शोधण्यासाठी पटवर्धन यांनी १४ वर्षे चित्रण केले. वर्गाची भाषा बोलणाऱ्यांनी जातीचे दुःख कितपत ऐकले, हा त्या चित्रपटाचा प्रश्न आहे. दीक्षाभूमीच्या जिल्ह्यातील कार्यकर्त्यांना तो टाळता येणार नाही.

आता पडद्याविषयी. पोखरणच्या १९९८ मधील अणुचाचण्यांनंतर केलेल्या ‘जंग और अमन’ (२००२) या चित्रपटात सेन्सॉर मंडळाने २१ काटछाटी मागितल्या. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये तो एकही काट न घेता संमत केला. दुसऱ्या एका चित्रपटाचा दूरदर्शनबरोबरचा वाद २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पटवर्धन यांच्या बाजूने सुटला. दाभोलकर आणि पानसरे यांच्या हत्यांचा मागोवा घेणाऱ्या ‘विवेक’ला २०१९ मध्ये केरळच्या माहितीपट महोत्सवात दाखविण्याची सूट केंद्राने नाकारली, तेथेही उच्च न्यायालयाने मार्ग मोकळा केला. हे विजय मोलाचे आहेत. परंतु न्यायालय दाखविण्याची परवानगी देते, प्रेक्षक देत नाही. चित्रपटगृहाच्या मालकाला असल्या चित्रपटात नफा दिसत नाही आणि वाहिन्यांना जाहिरातदारांची नाराजी परवडत नाही.

मोबाइलमुळे चित्रण स्वस्त झाले, हे खरे. अर्थशास्त्राच्या भाषेत उत्पादनाचा खर्च जवळजवळ शून्यावर आला. तपासणीचा खर्च मात्र कमी झाला नाही. म्हणून अफवा मुबलक आणि पुरावा दुर्मीळ, अशी बाजाराची स्थिती आहे. आपल्या बाजूची म्हणून न तपासलेली चित्रफीत पुढे पाठविणारा कार्यकर्ता या बाजाराला हातभारच लावतो.

यातून हिंगण्याच्या कार्यकर्त्यांसाठी दोन कामे निघतात. पहिले, पडदा उभारण्याचे. औद्योगिक वसाहतीतील पाळी सुटल्यावर कामगारवस्तीत, समाजमंदिरात, शाळेच्या वर्गात असे माहितीपट दाखवावेत आणि आपल्याशी असहमत असणाऱ्यांना आवर्जून पुढे बसवावे. आधीच पटलेल्यांना पुन्हा पटविण्यात श्रम वाया जातात. चित्रपट संपल्यावर निम्मा वेळ चर्चेला ठेवावा आणि त्यात विरोधकाला पूर्ण बोलू द्यावे.

दुसरे काम नोंदीचे. कंत्राटी कामगाराला प्रत्यक्ष हाती किती वेतन पडते, अपघात कोणत्या दिवशी, कोणत्या यंत्रावर झाला, यांची तारीखवार नोंद आणि चित्रण ठेवले पाहिजे. आणि त्यात संघटनेच्या चुकाही आल्या पाहिजेत. असे दप्तर जवळ असले, तर उद्या या तालुक्यावर माहितीपट करायला निघालेल्या तरुणाला १४ वर्षे थांबावे लागणार नाही.