व्यसन, अभ्यास आणि दिलेला शब्द



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी अक्षरे गिरवली, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ बोलण्याची संधी मला मिळाली, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. सरांचे नाव मी पुन्हा उच्चारीत नाही. या सभागृहातील साठी ओलांडलेल्या कोणाहीपुढे नुसते ‘सर’ म्हटले, तरी पांढरे धोतर, काळा कोट आणि काखेतली छत्री डोळ्यांसमोर उभी राहते.

मी व्यसनावर बोलणार असे कळवले, तेव्हा ‘मराठीच्या प्राध्यापकांनी वैद्यांच्या प्रांतात का शिरावे?’ असे चिटणिसांनी मोठ्या विनयाने विचारले. माझा अधिकार एवढाच, की पंचवीस वर्षे मी तंबाखू खाल्ली, आणि ती सुटल्यावर उतारवयात दुसऱ्याच एका गोष्टीच्या तावडीत सापडलो.

आधी शब्दाकडे पाहू; ही माझी जुनी खोड. ‘व्यसन’ आणि ‘अभ्यास’ हे दोन्ही शब्द ‘अस्’ म्हणजे फेकणे या एकाच धातूपासून निघाले आहेत. ‘वि’ उपसर्ग लागून ते फेकणे विखुरले, की व्यसन. ‘अभि’ लागून तेच एका रोखाने पुन:पुन्हा होऊ लागले, की अभ्यास. भर्तृहरीने तर थोरांच्या गुणांत विद्येचे व्यसन मोजले आहे. मनुस्मृतीत राजाने टाळावयाच्या अठरा व्यसनांची यादी येते. त्या ग्रंथातील सारेच शिरोधार्य मानणाऱ्यांपैकी मी नव्हे. पण ती यादी वाचण्यासारखी आहे. मृगया, द्यूत, मद्य ही नावे अपेक्षितच. त्यांच्याच पंक्तीला दिवसा झोपणे आहे, दुसऱ्याची उणीदुणी काढणे आहे आणि ‘वृथाट्या’ म्हणजे उगाच भटकणे आहे. या शेवटच्या शब्दाकडे मी पुढे येणार आहे.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मनाच्या चंचलपणाची तक्रार मांडतो. त्यावर मनाची एक गोष्ट मात्र चांगली आहे, असे उत्तर मिळते: त्याला जेथे गोडी लागते तेथे ते सोकावते, म्हणून त्याला चांगल्याची गोडी लावावी. ज्या गुणामुळे माणूस अडकतो, त्याच गुणामुळे तो सुटूही शकतो. हे मी वर्गात वर्षानुवर्षे रंगून शिकवले. तास सुरू होण्यापूर्वी गालातली तंबाखू थुंकून येत असे, आणि तास संपल्याच्या घंटेकडे विद्यार्थ्यांपेक्षा माझेच कान अधिक लागलेले असत.

आमचे गाव निपाणीच्या पट्ट्यातले. ज्यांनी त्या वखारी पाहिल्या आहेत त्यांना तंबाखूचा तो ठसका सांगायला नको. तंबाखू आम्हांला पापही नव्हते आणि चैनही नव्हती. ते पीक होते. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडले आणि ६ एप्रिलला झालेल्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले, हे या भागात कोणी विसरलेले नाही. घरातल्या बायका मशेरी लावीत, पुरुषांच्या कमरेला चंची असे. अशा घरात एकोणिसाव्या वर्षी मी पहिला बार भरला, त्यात नवल ते काय!

१९९३ साली दंतवैद्यांनी गालाच्या आतील पांढरा चट्टा आरशात दाखवला. चट्टा वेळीच सापडला म्हणून आज मी उभा आहे. माझे धाकटे काका तसे सापडले नाहीत. त्यानंतरच्या चार महिन्यांत मी तीनदा तंबाखू सोडली. एकदा तर चुन्याच्या डबीसकट चंची पुलावरून नदीत फेकली आणि तिन्हीसांजेला पानाच्या ठेल्यावरून नवी पुडी आणली. शपथ घेतानाचा आवेश हीही एक नशाच असते, हे मला तेव्हा कळले.

अखेर ती सुटली दोन साध्या गोष्टींनी. उन्हाळ्याच्या सुटीत मी वडोदऱ्याला थोरल्या बहिणीकडे महिनाभर राहिलो. तेथे तो ठेला नव्हता, प्राध्यापक-कक्षातला तंबाखू मळून पुढे होणारा मित्राचा तळवा नव्हता. पुढे वाचनात आले, की व्हिएतनामच्या युद्धात हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स या संशोधिकेने १९७०च्या दशकात पाठपुरावा केला. मायदेशी परतल्यावर त्यांतील फारच थोडे पुन्हा त्या विळख्यात सापडले होते. माणूस तोच, पण भोवताल बदलला होता. दुसरी गोष्ट घड्याळाची. तलफ आली की मी ‘नाही’ म्हणत नसे. ‘दहा मिनिटांनी’ म्हणत असे. तलफ लाटेसारखी चढते आणि उतरते. दहा मिनिटांत ती बहुधा उतरलेली असे. जूनमध्ये कॉलेज सुरू झाले तेव्हा पहिल्याच दिवशी मित्राला हात जोडून सांगितले, ‘तू खुशाल खा, पण मला विचारू नकोस.’ त्याने शेवटपर्यंत विचारले नाही. माझ्या सुटकेतला त्याचा वाटा मी माझ्या निग्रहापेक्षा मोठा मानतो.

ही दहा मिनिटे थांबण्याची विद्या मी शिकलो कोठे? या शाळेत. १९६१-६२ साली येथे ग्रंथालय म्हणजे एक लाकडी कपाट होते आणि त्याची किल्ली सरांच्या कोटात असे. दर शनिवारी साडेचारला ते कपाट उघडत. आम्ही चाराला येऊन पायरीवर बसत असू. मृगाचा पाऊस असो, गावची जत्रा असो, कपाट साडेचारला उघडले नाही असा शनिवार मला आठवत नाही. एकदा सर तापाने फणफणले होते. त्या दिवशी बाई स्वत: किल्ली घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘त्यांनी सांगितलंय, मुलं बसली असतील.’ आम्हांला थांबता येत होते, कारण थांबल्याचे चीज होणार ही खात्री होती.

या खात्रीचे मोल आता प्रयोगशाळेतही दिसले आहे. अमेरिकेत स्टॅनफर्डला वॉल्टर मिशेल यांनी लहान मुलांपुढे मिठाईचा एक तुकडा ठेवून ‘मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील’ असे सांगण्याचा प्रयोग केला, तो प्रसिद्धच आहे. जी मुले थांबली ती पुढे अभ्यासात सरस निघाली, असा त्याचा बोलबाला झाला आणि पालकांनी त्यातून ‘निग्रह हा ज्याचा त्याचा’ असा सोयीचा अर्थ काढला. २०१८ साली नऊशेंहून अधिक मुलांवर झालेल्या पडताळणीत घरची परिस्थिती हिशेबात घेताच तो संबंध बराचसा विरून गेला. मला अधिक बोलका वाटतो तो सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला अठ्ठावीस मुलांचा छोटा प्रयोग. त्यांनी मिठाईआधी मुलांना चांगले रंग आणून देण्याचे वचन दिले. निम्म्या मुलांना रंग मिळाले. उरलेल्यांना ‘नाहीत बरे का’ एवढेच उत्तर मिळाले. मग मिठाई ठेवली. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. ज्यांची फसगत झाली ती तीन मिनिटे.

हे वाचले त्या दिवशी मला झोप आली नाही. त्याचे कारण सांगतो आणि संपवतो.

२०१९ साली माझी पत्नी गेली. घर खायला उठे, म्हणून मुलाने मला चांगलासा मोबाईल आणून दिला. त्यात दोष मोबाईलचा किती आणि माझ्या एकटेपणाचा किती, हे मला अजून नीट ठरवता आलेले नाही. पानामागून पान आपोआप पुढे येत राहण्याची जी सोय त्यात आहे, ती एझा रास्किन या तंत्रज्ञाने २००६ साली काढली आणि पुढे तिच्याबद्दल उघड खेद व्यक्त केला. ग्रंथाला प्रकरणे असतात, कीर्तनाला मध्यंतर असते. येथे थांबायला पायरीच नाही. शिवाय पुढचे चित्र रंजक निघेल की रटाळ, हे आधी कळत नाही. बक्षिसाचा नेम नसला म्हणजे कबुतर चोच मारणे थांबवीत नाही, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञाने फार पूर्वी दाखवून दिले होते. तंबाखू निदान संपत तरी असे. बहात्तर वर्षांचा पीएच. डी. झालेला माणूस रात्री दोन वाजता अंथरुणात बसून अनोळखी लोकांचे स्वयंपाक पाहत होता. मनूची वृथाट्या ती हीच. पाय जागेवर आणि बोट हिंडते आहे.

माझा नातू तेव्हा सहा वर्षांचा होता. गोष्ट ऐकायला यायचा. मी म्हणायचो, ‘पाच मिनिटं थांब रे, मग सांगतो.’ तो उंबऱ्यावर बसायचा. पाचाची पंचवीस व्हायची, आणि मान वर करून पाहावे तो उंबरा रिकामा असायचा. काही महिन्यांनी त्याने येणेच सोडले. मला त्याचे काही वाटले नाही, हे अधिक वाईट. पुढे तो हट्टी झाला, हातात हवे ते तत्क्षणी मिळाले नाही तर आदळआपट करू लागला. ‘आजकालच्या मुलांना धीरच नाही,’ असे मी सूनबाईंना सुनावलेही. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचे ते न बोलणे मला त्या बारा आणि तीन मिनिटांपाशी उलगडले. त्याचा धीर मीच उंबऱ्यावर बसवून संपवला होता.

आता माझा मोबाईल संध्याकाळी चार वाजता स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या डब्यात जातो. किल्ली सूनबाईंकडे, स्वत:वर विसंबण्याचे माझे वय गेले. दर शनिवारी साडेचारला मी पुस्तक घेऊन ओसरीवर बसतो. पहिल्या शनिवारी नातू आला नाही. दुसऱ्याही नाही, मी भिंतीला मोठ्याने वाचून दाखवले. चौथ्या शनिवारी दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘आजोबा, खरंच वाचणार का?’

आज शनिवार आहे. संयोजकांनी चहापानाचा आग्रह केला आहे, त्यांची मी मनापासून क्षमा मागतो. पावणेचार झाले आहेत आणि घरी जायला अर्धा तास लागतो.