पहिला नांगर विकेपर्यंत



उन्हाळ्यात दिवस कलल्यावर चार माणसांनी एकत्र बसून काही विचाराचे ऐकावे, ही चाल न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यास १८७५ साली वसंत व्याख्यानमाला काढून घालून दिली. त्याच रानड्यांनी १८९० साली पुण्यासच औद्योगिक परिषद भरविली, ही गोष्ट मात्र आपल्या फारशी स्मरणात राहिलेली नाही. विद्येचा व्यासंग आणि कारखान्यांची चिंता या दोन्ही गोष्टी त्या एका माणसाच्या ठिकाणी सुखाने नांदत होत्या. पुढे आपण त्यांची फारकत केली. शिकलेल्याने नोकरी करावी आणि धंदा ज्याच्या घरात परंपरेने आला असेल त्याने करावा, अशी वाटणी होऊन बसली. महाविद्यालयातल्या कोणत्याही शाखेच्या मुलामुलींना उद्योग करता येईल का, असा प्रश्न आज आपल्याला पडतो, तो या वाटणीमुळे.

या प्रश्नाचे उत्तर तत्त्वचर्चेने देण्यापेक्षा एक गोष्ट सांगून देणे मला बरे वाटते.

१८८५ साली बेळगावकडचा एक सोळा वर्षांचा मुलगा चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. त्याचे नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. दोनएक वर्षांनी असे लक्षात आले की, काही रंगांतला भेद त्याच्या डोळ्यांना कळतच नाही. चित्रकाराला याहून मोठा अडथळा कोणता? पण यंत्रांच्या आकृत्या काढायला रंग लागत नाहीत. सरळ रेघ आणि अचूक माप लागते. तो तिकडे वळला आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागला. बढतीची वेळ आली तेव्हा त्याला डावलून दुसऱ्यास जागा मिळाली. त्याने नोकरी सोडली आणि बेळगावची वाट धरली. तेथे थोरले बंधू रामुअण्णा यांच्यासह सायकलींचे दुकान चालू होतेच. सायकली विकाव्या, दुरुस्त कराव्या, लोकांना चालवायलाही शिकवावे, असा तो व्यवहार होता.

दुकान चालवीत असता लक्ष्मणरावांचे लक्ष गिऱ्हाइकापेक्षा आसपासच्या शेतकऱ्याकडे अधिक होते. जनावरांना घालावयाचा कडबा हाताने तोडण्यात किती वेळ जातो, हे त्यांनी पाहिले आणि कडबा कापण्याचे यंत्र केले. मग लोखंडी नांगर केला. आता या नांगरावर उड्या पडल्या असतील, असे आपल्याला वाटेल. तसे काही झाले नाही. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. ही दोन वर्षे आपण ध्यानात ठेवावी, अशी माझी विनंती आहे. माझ्या सगळ्या भाषणाचे सार त्यांत आहे.

पुढे बेळगावातली जागा सोडण्याची पाळी आली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचे ३२ एकर माळरान दिले आणि १०,००० रुपये कर्जाऊ दिले. निवडुंग आणि साप यांचेच तेथे राज्य होते. १९१० साली त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. तिची उभारणी एकट्या लक्ष्मणरावांनी केली नाही. वसाहतीची व्यवस्था रामुअण्णांनी पाहिली, जमाखर्च मंगेशराव रेग्यांनी सांभाळला, आणि शाळा अर्ध्यावर सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावारूपाला आले. म्हणजे चित्रकलेचा विद्यार्थी, हिशेबनीस, व्यवस्थापक आणि शाळा सोडलेला मुलगा, अशा माणसांनी मिळून तो कारखाना चालविला. मग उद्योग अमुकच शाखेचा, हे आपण कशाच्या आधारावर म्हणावयाचे?

योगायोग असा की, त्याच १८८५ साली त्याच जे. जे. स्कूलमध्ये त्र्यंबकेश्वरचा आणखी एक मुलगा दाखल झाला होता. ते धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब फाळके. चित्रपट काढण्याचा ध्यास त्यांनी घेतला तेव्हा कोणी पैसा देईना. दादासाहेबांनी वाद घातला नाही. कुंडीत वाटाणा पेरला, त्याच्या वाढीचे रोज थोडे थोडे चित्रण केले आणि कोंबाचा वेल होताना पडद्यावर दाखविला. हा नमुना पाहिल्यावर भांडवल मिळाले. सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला आणि रात्री दिव्याशी बसून फिल्मला भोके पाडली. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला.

पण एवढे सांगून थांबलो, तर मी आपल्याशी प्रामाणिक राहिलो नाही असे होईल. १९१८ साली भागीदारांसह निघालेल्या कंपनीत दादासाहेबांचे पटले नाही. ते बाहेर पडले, पुन्हा आले, आणि १९४४ साली नाशिकला विपन्नावस्थेत त्यांचा अंत झाला. कल्पना कितीही थोर असली, तरी तिला हिशेबाची आणि जुळवून घेणाऱ्या सोबत्यांची जोड लागते. उद्योगात बुडणारेही असतात. म्हणून तरुणांना माझे सांगणे असे की, वडिलांचे शेत गहाण टाकून उद्योगाला आरंभ करू नका. आधी वाटाण्याची कुंडी करा.

ती कुंडी आपल्याकडे कशाची करावयाची? दूर जायला नको. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. तेथल्या संशोधकांनी भेंडीचा रानटी जातीशी संकर करून केवडा रोगाला तोंड देणारी ‘परभणी क्रांती’ भेंडी दिली, रब्बीसाठी ‘परभणी मोती’ ही ज्वारी दिली. बियाणे आले, पीकही आले. पण त्या ज्वारीचे टिकाऊ पदार्थ करून शहरातल्या घरी पोचविणारे हात आपल्या गावांत किती आहेत? गृहविज्ञान शिकणारी मुलगी तो पदार्थ बसवील. वाणिज्य शाखेचा मुलगा त्याची खरी किंमत काढील, आणि मराठी घेतलेली मुलगी त्या पुडीवर चार वाक्ये अशी लिहील की वाचणाऱ्याला विश्वास वाटेल. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे येणाऱ्या यात्रेकरूंसाठी या क्षेत्राची माहिती नीट शोधून छोटी पुस्तिका काढली, तर तोही उद्योगच आहे. एक गरज हेरावी, पन्नास घरी जाऊन विचारावे, लहानसा नमुना करावा, पहिल्या दिवसापासून वही ठेवावी. याला कोणतीही पदवी लागत नाही, आणि कोणतीही पदवी आड येत नाही.

सरकारनेही दारे उघडली आहेत. २०१५ साली मुद्रा योजना आली, २०१६ साली स्टार्टअप इंडिया सुरू झाले. कर्जाचे अर्ज आहेत, शिबिरे आहेत. पण अर्जात न मागता येणारी एक गोष्ट आहे. ती सरकारपाशी नाही, तुमच्यामाझ्यापाशी आहे. ती म्हणजे मघाची दोन वर्षे.

आपल्या घरांतला अनुभव आठवून पाहा. मुलगा स्पर्धापरीक्षेसाठी पुण्याला जातो. चार वर्षे, पाच वर्षे आपण पोटाला चिमटा घेऊन महिन्याचे पैसे पाठवितो. त्याला कोणी रिकामटेकडा म्हणत नाही. तो ‘अभ्यास करतो आहे’. तोच मुलगा म्हणाला, मला दोन वर्षे द्या, मी ज्वारीच्या पदार्थांचा धंदा उभा करून पाहतो, तर सहा महिन्यांत पाहुणेरावळे विचारू लागतात, “सध्या काय चालले आहे?” सोयरीक आली, तर पहिला प्रश्न नोकरीचा. आणि मुलीने असे काही म्हटले, तर तिला दोन वर्षे सोडाच, दोन महिनेही मिळत नाहीत. परीक्षेत अनेकदा नापास होणे आपल्याला चालते. धंद्यात एकदा नापास झाला की तो कायमचा बुडालेला! हा न्याय कोठला?

नोकरी वाईट, असे मी म्हणत नाही. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपण उगाळतो आणि मुलीसाठी स्थळ मात्र नोकरीचे शोधतो. म्हणून म्हणींवर माझी भिस्त नाही. माझे मागणे अगदी लहान आहे. जितका धीर आपण परीक्षेला देतो, त्याच्या निम्मा उद्योगाला द्यावा. फसला तर “हिशेब कोठे चुकला?” असे विचारावे, “सांगत होतो ना!” असे म्हणू नये.

शेवटी एका माणसाची आठवण करून देतो. दोन वर्षांनंतर कोणा एका शेतकऱ्याने तो पहिला लोखंडी नांगर विकत घेतला. शेजारीपाजारी हसले असतील, जमीन नासेल म्हणून त्याला भीतीही वाटली असेल. तरी त्याने तो आपल्या रानात घातला. लक्ष्मणरावांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्या शेतकऱ्याचे कोणी घेत नाही. आपल्यापैकी प्रत्येकाला लक्ष्मणराव होता येणार नाही, पण तो पहिला गिऱ्हाईक होणे मात्र येथे बसलेल्या प्रत्येकाला शक्य आहे. उद्या गावातली एखादी मुलगी आपण केलेली पुडी घेऊन दारात उभी राहील, तेव्हा तिला आत बोलवा, चव पाहा, पैसे द्या, आणि काही उणे असेल तर तेही तोंडावर सांगा.