जुना फोटो, मोठा पडदा

मुंबईतल्या मनोरी गावातल्या कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत लग्नाचे जुने फोटो जपलेले असतात, पण खाडीकाठच्या दमट हवेनं त्यांवर डाग पडतात. असा फोटो स्कॅन करून दुरुस्त करताना लुगड्याच्या काठावरचा ठिपका मोठा करूनच पुसावा. 400 टक्के झूमवर चित्राचा एक पिक्सेल पडद्यावरचे 16 पिक्सेल व्यापतो. ‘गिम्प’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘न्यू व्ह्यू’ घेतला की तोच फोटो दुसऱ्या दृश्यात वेगळ्या झूमवर पूर्ण पाहता येतो. बारीक काम आणि त्याचा परिणाम दोन्ही पाहता येतात. मेनूची अक्षरंही लहान वाटली, तर विंडोजची आणि अधिक चिन्हाची कळ एकत्र दाबा, पडद्यावरचं भिंग सुरू होतं. मात्र मूळ स्कॅनची प्रत आधी वेगळी ठेवा, मगच दुरुस्तीला हात घाला.