बोटीवरचा विद्यार्थी

(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यात, घाटंजी येथे केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटेल. कुठे वाघाडी नदीकाठचे आपले घाटंजी आणि कुठे समुद्र! परंतु आपल्या जिल्ह्याचा आणि समुद्राचा संबंध जुना आहे. इंग्रजांच्या काळात आपल्या वऱ्हाडाचा कापूस गाठी बांधून मुंबईला जात असे आणि तेथून बोटीने थेट विलायतेला. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला गाडी त्याच कापसासाठी टाकली गेली. ती गाडी आता बंद पडली. सांगायचा मुद्दा हा की आमच्या शेतातला कापूस सातासमुद्रापार गेला, पण तो वेचणाऱ्याचे पोर जावे असे त्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

त्या काळी उच्चवर्णीयांतही समुद्र ओलांडणे हे पाप समजले जाई. विलायतेहून परतलेल्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागे, नाहीतर जातीबाहेर राहावे लागे. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेस डॉक्टरी शिकण्यासाठी निघाल्या, तेव्हा त्यांनाही समाजाचा रोष सोसावा लागला. मग ज्याला गावच्या पाणवठ्यावर घोटभर पाणी मिळत नव्हते, त्याच्या मुलाने बोटीत पाऊल ठेवणे ही किती मोठी गोष्ट होती, याचा विचार करा.

ती गोष्ट १९१३ साली घडली. परमपूज्य बाबासाहेब तेव्हा बावीस वर्षांचे होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत वडील रामजी सुभेदार निवर्तले होते. घरात माता रमाई आणि काही महिन्यांचा यशवंत. अशा वेळी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर केली. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची चाकरी करीन, असा करार लिहून द्यावा लागला. जूनमध्ये करारावर सही झाली आणि जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचलेसुद्धा!

आज विमानात बसले की नऊ-दहा तासांत मुंबईहून लंडन येते. त्या वेळी विलायत गाठायलाच दोन-तीन आठवडे लागत. एडन, तांबडा समुद्र, सुएझचा कालवा, भूमध्य समुद्र, अशी ती वाट. अमेरिकेला जायचे तर त्यापुढे अटलांटिक महासागर. चारही बाजूंनी पाणीच पाणी. घरी आजारपण आले तरी परत फिरता येत नाही. पत्र पोहोचायला आठवडे लागतात. मित्रहो, खेड्यातून पहिल्यांदा नागपूरच्या वसतिगृहात जाताना तुमच्या पोटात जो गोळा येतो, तो आठवा. म्हणजे त्या प्रवासाची थोडी कल्पना येईल.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असे नाना विषय अभ्यासले. १९१५ साली एम. ए. झाले. मे १९१६ मध्ये भारतातील जातींवरचा प्रसिद्ध निबंध वाचला. अमेरिकेत आणि विलायतेत काढलेल्या वर्षांबद्दल त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. त्याचा आशय असा, की त्या काळात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. आम्हाला वाटते, त्या प्रवासाची खरी कमाई पदवीइतकीच हीदेखील होती. माणूस म्हणून वावरता येते, हे त्यांनी देहाने अनुभवले.

१९१६ मध्ये ते लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही प्रवेश घेतला. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ च्या उन्हाळ्यात अभ्यास अर्धवट टाकून परत निघावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची परवानगी तेवढी पदरात होती.

ते दिवस पहिल्या महायुद्धाचे होते. जर्मनीच्या पाणबुड्या दिसेल ती बोट बुडवीत होत्या. बाबासाहेब एका बोटीने निघाले आणि त्यांचे पुस्तकांचे सामान दुसऱ्या बोटीने. सामानाची बोट पाणबुडीने बुडवली. बोट बुडाल्याची बातमी मुंबईला आली तेव्हा घरच्यांच्या काळजाचे पाणी झाले. ते दुसऱ्या बोटीवर आहेत हे कळले तेव्हा कुठे जिवात जीव आला. ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईला सुखरूप उतरले, पण पोट मारून जमवलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली होती.

सामानाचा विमा होता. त्याचे सहाशे रुपये मिळाले. बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला खिशात पैसे नव्हते, तेव्हा हीच भरपाई कामी आली. आणि बडोद्याला काय मिळाले? राहायला जागा मिळेना. नाव बदलून एका पारशी खानावळीत राहावे लागले. जात कळताच काठ्या घेतलेली माणसे दारात आली. कोलंबियाचा हा विद्वान काही तास बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला.

मित्रहो, महासागराने त्यांना सुखरूप परत आणले, पण स्वतःच्या देशातल्या एका शहराने रात्रभर आसरा दिला नाही. कोणीही खचून गेला असता. पुस्तके गेली, नोकरी गेली, अभ्यास अर्धा राहिला. परंतु बुडाली ती कागदाची पुस्तके होती. डोक्यात उतरलेली विद्या बुडाली नव्हती.

त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पै-पै साठवली आणि जुलै १९२० मध्ये पुन्हा बोटीत बसले. या वेळी साठवलेल्या पैशाला कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी हातभार लावला. कोलंबियातले पारशी मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. इकडे माता रमाईंनी ओढाताणीत घर चालवले. म्हणूनच १९२१ मध्ये एम. एस्सी., पुढे बॅरिस्टरी आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी. एस्सी., हे सारे पार पडले.

पुढेही त्यांचा बोटीवरचा वेळ वाया गेला नाही. तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना १४ नोव्हेंबर १९३२ रोजी 'व्हिक्टोरिया' बोटीवरून, पोर्ट सैद येथून, त्यांनी ठक्करबाप्पांना सविस्तर पत्र लिहिले. अस्पृश्यता निवारणाचे काम कसे असावे, याचा तो आराखडाच होता. एकेका माणसाला सद्‌गुणी करत बसू नका, सर्व समाजाला नागरी हक्क आणि संधीची समानता मिळवून द्या, असा त्याचा आशय. आपली पोरे एस. टी.त दोन तास मोबाइल चाळतात, त्यांनी हे पत्र मुद्दाम वाचावे.

आता आम्ही थोडे कडू बोलणार आहोत. राग मानू नये.

बाबासाहेबांच्या त्या तिकिटामागे किती हात होते ते मोजा. सयाजीराव, शाहू महाराज, भथेना आणि रमाई. एकट्याच्या बुद्धीवर बोट सुटत नसते. आज महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. दरवर्षी अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या ७५ विद्यार्थ्यांना ती मिळू शकते. केंद्र सरकारचीही वेगळी योजना आहे. आमचे शेजारी, चंद्रपूरचे राजाभाऊ खोब्रागडे लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले आणि पुढे राज्यसभेचे उपसभापती झाले. म्हणजे ही वाट आपल्या मुलखाला नवी नाही.

तरीही काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका मुलीला विलायतेच्या विद्यापीठाचे प्रवेशपत्र आले. बाप रोजमजूर. शिष्यवृत्तीची यादी लागायला वेळ होता आणि विद्यापीठात अनामत भरायची तारीख जवळ आली होती. जात वैधता प्रमाणपत्रही हातात नव्हते. ती आमच्याकडे आली. आम्ही बैठक बोलावली, चर्चा केली, पुन्हा बैठक ठेवली. वर्गणी जमली, पण तोवर तारीख उलटून गेली होती. त्याच वर्षी भीमजयंतीच्या कमानीची वर्गणी आम्ही दोन दिवसांत जमवली होती! ती मुलगी आम्हाला एक शब्दही बोलली नाही. आज ती नागपूरला नोकरी करते आणि पुन्हा अर्ज भरते आहे. तिची ती शांतता आम्हाला अजून बोचते. त्या दिवशी पाणबुडी कोणा शत्रूची नव्हती. आमचीच दिरंगाई होती.

म्हणून मंडळापुढे आमची विनंती आहे. मंडळाने कायमचा प्रवास व अनामत निधी उभारावा. वर्गणी एकदा काढून बँकेत ठेवावी, म्हणजे ऐनवेळी बैठका घ्याव्या लागणार नाहीत. विद्यार्थ्याला रक्कम बिनव्याजी द्यावी आणि नोकरी लागल्यावर त्याने ती परत करावी, पुढच्याच्या तिकिटासाठी. भथेनांनीही कर्जच दिले होते, दान नव्हे. त्यात विद्यार्थ्याचा स्वाभिमानही राहतो.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हीही बारावीपासूनच जातीचा दाखला, जात वैधता, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट ही कागदपत्रे तयार ठेवा. इंग्रजीची भीती रोज एक पान वाचून घालवा. मुलींना मागे ठेवू नका. न्यूयॉर्कला पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत बाबासाहेबांनी वडिलांच्या एका स्नेह्यास पत्र लिहिले होते, त्यातही मुलांबरोबर मुलींच्या शिक्षणाचा आग्रह होता.

शेवटची गोष्ट. बाबासाहेब गेले हे मोठेच, पण ते परत आले हे त्याहून मोठे. ते परत आले म्हणून महाडचे तळे झाले, संविधान झाले, १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षाभूमी झाली. तुम्ही जा, खूप शिका, जगात कुठेही राहा. पण ज्या घाटावरून निघालात, तिथे दुसरा एक विद्यार्थी उभा आहे, हे विसरू नका.

 जयभीम! नमो बुद्धाय!