जुन्या तसबिरींची निगा
(जीर्णोद्धारानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाचा जीर्णोद्धार निघाला की पहिला हात भिंतीवरच्या तसबिरींना लागतो. रंगारी येण्याआधी त्या उतरवल्या जातात. काच तडकलेली, कडेला कसर लागलेली तसबीर गोणीत जाते आणि खाडीत तिचे विसर्जन होते.

त्यात काय जाते, ते पाहावे. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. एकेका रंगाला वेगळा दगड, असे करीत लक्ष्मी-सरस्वती कागदावर उतरल्या. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्याही घरी देव पोहोचला. १९७२ साली तो छापखाना आगीत सापडला. म्हणजे जुनी प्रत घरी असेल तर तीच मोलाची.

दुसरा ठेवा आपल्या पट्ट्याचाच. नव्या मुंबईसाठी जमिनी गेल्या, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठला आणि जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या काळच्या सभांची भित्तिपत्रके कोणाच्या माळ्यावर असतील तर ती रद्दीत घालू नयेत. तो कागद मुळातच हलका, लवकर पिवळा पडून तुकडे होणारा.

खाडीकाठचा दमट वारा हा कागदाचा मोठा वैरी. पावसाळ्यात काचेच्या आत ओल धरते आणि काचेला टेकलेले चित्र तिलाच चिकटते. चिकटलेले ओढून काढू नये, काचेसकट जपावे. नवी चौकट करताना चित्राभोवती जाड कागदाचा माउंट घालून घ्यावा, म्हणजे काच अलग राहते. जरी-टिकल्या लावलेल्या चित्राला तर हे अंतर जास्तच हवे. खर्च वाढतो तो थोडा. पाठीला वर्तमानपत्र किंवा उघडी फळी नको, त्यांतले आम्ल कागदाला तपकिरी करते. मध्ये आम्लरहित कागद घालावा आणि मागची फट कागदी पट्टीने बंद करावी.

लॅमिनेशन स्वस्त पडते, पण ते एकदा केले की सुटत नाही. सेलोटेपचेही तेच, काही वर्षांनी डिंकाचा डाग तेवढा उरतो. ओल्या फडक्याने चित्र पुसणे तर सर्वांत वाईट.

पावसाच्या झडीची भिंत टाळावी. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावले की हवा खेळते. समई, उदबत्ती आणि ऊन यांपासून तसबीर दूर असावी. ओला हार घातला की पाणी काचेवरून चौकटीत उतरते, हे भक्तांना सांगणे अवघड आहे, पण सांगितले पाहिजे.

चौकटीलाही पैसे नसतील तर चित्र पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, पुठ्ठ्यावर सपाट, कोरड्या कपाटात ठेवावे. गुंडाळी करू नये. सभामंडपात त्याची रंगीत प्रत लावली तरी दर्शन होते.

देणगीदाराचे नाव काचेवर रंगविण्याची हौस असते. त्यापेक्षा पाठीच्या कागदावर, तो बसवण्याआधी, शिसपेन्सिलीने लिहावे : चित्र कोणत्या घरातून आले, कोणत्या साली आले आणि चौकट कोणी करून दिली.